धारजाईचं पाणी

दोर अर्धा खाली आला आणि अडकला.

मी पुन्हा ओढला. वरून बारीक काळी माती सांडली, मग मुठीएवढे दोन दगड, आणि त्यांच्यामागून माणसाच्या डोक्याएवढा एक धोंडा माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावरून खाली गेला. तो जमिनीवर आपटल्याचा आवाज यायला जवळजवळ दोन सेकंद लागले. नवसूभाऊंनी माझ्या हातातला दोर काढून घेतला.

"आता न्हाई ओढायचा, ताई. टोक कपचीमागं बसलंय. ओढलं तर कपचीच खाली यील."

"आणि नाही ओढलं तर?"

"तर बसायचं."

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मार्चचा शेवटचा आठवडा होता. या गोष्टीला आता सोळा वर्षं होतील.

आम्ही धारजाईच्या कड्याच्या पोटातल्या एका पट्टीवर होतो. लांबी आठ पावलं, रुंदी जिथे सर्वांत जास्त तिथे दीड हात. माथ्यावर कातळात ठोकलेल्या लोखंडी कडीतून दोर दुहेरी ओवून आम्ही इथवर उतरलो होतो. रीत अशी, की पट्टीवर आलं की दोराचं एक टोक ओढायचं. दुसरं टोक वर जाऊन कडीतून सुटतं आणि सगळा दोर हातात येतो. मग तोच दोर पट्टीवरच्या कडीत ओवून उरलेला कडा उतरायचा. हे काम आम्ही दोघांनी कितीतरी वेळा केलं होतं, पण तेव्हा कडा भाजलेला नव्हता. वणव्याच्या झळांनी कातळाचा वरचा थर कांद्याच्या सालीसारखा सुटला होता. वर जाणारं टोक अशाच एका सुटलेल्या कपचीमागे रुतलं. आमच्या हातात जेमतेम वीस मीटर दोर होता, आणि खाली जमीन होती चाळीस मीटरवर.

वर जाता येत नव्हतं, खालीही जाता येत नव्हतं. आम्ही स्वतःला पट्टीवरच्या कडीला बांधून घेतलं आणि राखेत बसलो. तिथलं गवतही जळून गेलं होतं.

मी संगमनेरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होते, आणि दर रविवारी रिसबूड सरांच्या क्लबाबरोबर चढत होते. सर तेव्हा साठीला आलेले होते. धारजाईच्या कड्यावरच्या पहिल्या कड्या त्यांनी ठोकल्या होत्या, आणि मला दोराची पहिली गाठही त्यांनीच शिकवली होती. डोंगराच्या पायथ्याला उंबरवेढे नावाचं तीस-बत्तीस उंबऱ्यांचं गाव. चढायला येणाऱ्यांची जेवणं, मुक्काम, वाटाड्याचं काम, यावर निम्मं गाव आठ महिने जगायचं. फेब्रुवारीत वणवा लागला. सगळा उतार जळला आणि वनखात्याने कडा बंद केला. मुंबई-पुण्याच्या मंडळींचे जथे दुसऱ्या कड्यांकडे वळले.

कडा पुन्हा उघडायचा तर खात्याला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, कातळ आणि कड्या सुरक्षित असल्याचा दाखला. दोन, आग कशी लागली त्याचा कागद. फाइल कागदाशिवाय बंद होत नाही, असं तिथले साहेब म्हणाले होते. पहिलं काम माझ्याकडे आलं ते ठीकच होतं. दुसरंही सरांनी माझ्याच गळ्यात घातलं. साहेबांना ते म्हणाले होते, आमच्यात शास्त्र शिकलेली बाई आहे, ती सांगेल ते खरं माना.

साहेबांना वाट पाहायची नव्हती, कारण त्यांच्याजवळ नाव होतं. नवसू धादवड. नवसूभाऊ मध काढायचे, त्यांच्या वडिलांपासून. वणव्याच्या दिवशी सकाळी त्यांना हातात पेटता टेंभा घेऊन खालच्या ओढ्याकडे जाताना चार जणांनी पाहिलं होतं. ओढ्याकाठच्या उंबरावरचं मोहोळ त्यांनी त्या दिवशी उतरवलं, हे ते स्वतःच सांगत. टेंभा ओढ्यात विझवला हेही सांगत. ते पाहायला मात्र कोणी नव्हतं.

साहेबांनी तोड काढली होती. नवसूने चुकून आग लागल्याचं लिहून द्यावं. खटला होणार नाही, फक्त त्यांचा मधाचा परवाना जाईल आणि जंगलात पाऊल टाकायची बंदी येईल. कडा मात्र एप्रिलातच उघडेल. नाहीतर माझा अहवाल काय म्हणतो ते आजच्या आज कळवावं. रिसबूड सर त्यांना आणायला सकाळीच गावात गेले होते. चार वाजता ते दोघे कड्याच्या पायथ्याशी येणार होते. येताना साहेब कबुलीचा कागद टाइप करून आणणार होते.

म्हणजे चारपर्यंत आम्हाला कोणी शोधणार नव्हतं. त्या डोंगरात फोन लागत नसे.

"सर आता तुक्याच्या घरी जेवाय बसले असतील," नवसूभाऊ म्हणाले. "नाचणीची भाकर अन् कोंबडी. ती संपल्याबिगर उठायचे न्हाईत. साहेब तर अजून निघालाबी नसंल."

"पाणी किती आहे?"

त्यांनी पिशवीतली बाटली काढून दाखवली. पाऊण लिटर. सकाळी पायथ्याशी त्यांनी दुसरी बाटली दगडांवर ओतली होती, ते मला आठवलं. कड्याच्या बुडाशी जिथे धारजाई देवीचा कोनाडा होता तिथे आता ढासळलेल्या दगडांची रास होती, आणि नवसूभाऊ त्या राशीपुढे वाकून तिच्यावर पाणी सोडत होते. मी तेव्हा हिरड्याच्या बुंध्याला टेप लावत होते. पाण्याची नासाडी, असं माझ्या मनात आलं होतं.

एक वाजता ऊन पट्टीवर आलं. काळा कातळ, काळी राख. पाठ टेकवली की पोळायची आणि पुढे वाकलं की दोर कमरेत रुतायचा. नवसूभाऊंनी डोक्याचा पटका सोडून अर्धा माझ्याकडे दिला. आम्ही दोघं त्या एका पटक्याखाली डोकी घालून बसलो.

"घरची म्हनंल, गेला कुनाचा हात धरून," ते म्हणाले.

"माझा?"

"तुमचा कुठं. तुमी काय भाकरी थापनार का?"

मी हसले. आमच्या डोक्यावर कातळाच्या छपराखाली मोहोळांच्या जुन्या खुणा होत्या, तपकिरी, अर्धचंद्राच्या आकाराच्या. मी मोजल्या. अकरा. माश्या परत येतील का, असं मी विचारलं. पाऊस सरल्यावर येतील, ते म्हणाले, त्यांना कुठं कुनाचा परवाना लागतो.

मला रिकामं बसवत नाही. मी वही काढली. त्या सकाळी उतारावरच्या बावीस झाडांच्या नोंदी मी घेतल्या होत्या. वणव्याचं वाचन कसं करतात ते मी महिनाभर पुस्तकांतून शिकले होते. मूळ तत्त्व सोपं आहे. आग झाडाला ओलांडून पुढे जाते तेव्हा झाडाच्या मागच्या बाजूला, म्हणजे आडोशाला, ज्वाळा उंच चढतात. जोराच्या पाण्यात खांबामागे भोवरा होतो, तसं. म्हणून बुंधा ज्या बाजूला जास्त उंच काळा, त्या बाजूला आग गेली. आणि त्याच्या बरोबर उलट बाजूने ती आली. एक झाड फसवू शकतं. बावीस झाडं एकाच वेळी फसवत नाहीत.

मी कोऱ्या पानावर उताराचा नकाशा काढला. ओढा, ओढ्याकाठचा उंबर, पायवाट, कडा. मग एकेका झाडाशी होकायंत्राच्या नोंदीवरून एकेक बाण काढला, आग जिकडून आली तिकडे तोंड केलेला. हे काम घरी टेबलावर करायचं होतं. पट्टीवर बसून ते केलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पहिले पाच बाण काढले तेव्हाच ओढ्याचा प्रश्न सुटला. एकही बाण उंबराकडे जात नव्हता. आग ओढ्याकडून आलीच नव्हती. ती ओढ्याकडे गेली होती. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने म्हणाले, "नवसूभाऊ, तुम्ही नव्हताच."

"म्या कधी म्हनालो व्हतो?" ते म्हणाले. त्यांनी डोळे मिटलेले होते.

मी उरलेले बाण काढले. फूटपट्टी लावून ते मागे वाढवले. बावीसपैकी एकोणीस रेषा एकमेकींना जिथे छेदत होत्या ती जागा दोन रुपयांच्या नाण्याएवढी होती. कड्याच्या बुडाशी, दगडांची रास होती तिथे. मी पट्टीवरून खाली वाकून पाहिलं. रास माझ्या पायांच्या सरळ खाली होती.

मी रेषा पुन्हा तपासल्या. मग वही मिटली.

वणवा लागला तो रविवार आठ फेब्रुवारीचा होता. आम्ही त्या दिवशी सकाळी कडा चढलो होतो, आणि पहिल्यांदाच मी पुढे होते. पुढे चढणाऱ्याला वरून दोराचा आधार नसतो. तो स्वतःच दोर वर नेतो. सरांनी मला सात वर्षं थांबवलं होतं. धारजाईची एक चाल आहे, उंबरवेढ्याच्या मध काढणाऱ्यांकडून क्लबाने घेतलेली. सगळे सुखरूप खाली आले, की त्या दिवशी जो पुढे होता त्याने कोनाड्यात गोवरीचं खांड पेटवायचं, त्यावर ऊद घालायचा, हात जोडायचे. आणि निघताना गोवरीवर तांब्याभर पाणी ओतायचं. आईला तहान लागते म्हणून.

मी गोवरी पेटवली होती. ऊद घातला होता. मग आम्ही भाकरी खाल्ल्या, सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. निघताना माझ्या बाटलीत अर्धं पाणी उरलं होतं आणि गावात पोचायला दीड तास होता. मी ते ओतलं नाही. दगडाच्या देवीला तहान लागते यावर माझा विश्वास नव्हता. वाटेत सरांनी विचारलं, "सुमेधा, आईला पाणी घातलंस ना?" मी हो म्हणाले. थोड्या अंतरावर जाऊन मी ते पाणी प्यायले. एक वाजला असेल. धूर दिसला तो चारच्या सुमाराला.

गोवरीची धग कित्येक तास राहते. हे मला ठाऊक होतं. माझ्या आजोळी चुलीत रात्री गोवरी पुरून ठेवत आणि सकाळी तिच्यावर चहा होई. ठाऊक होतं, पण वणव्यानंतरच्या सात आठवड्यांत ते मला एकदाही आठवलं नव्हतं. मी ओढा मोजला, उंबर मोजला, वाऱ्याची दिशा काढली. कोनाड्याकडे मी गेलेच नव्हते.

"पानी प्या," नवसूभाऊ बाटली पुढे करत म्हणाले.

मी नको म्हणाले.

"प्या. चक्कर आली तर मला पेलायच्या न्हाईत तुमी."

मी एक घोट घेतला. मग म्हणाले, "नवसूभाऊ, आग कोनाड्यातून लागली."

मी सगळं सांगितलं. गोवरी, पाणी, सरांना काय उत्तर दिलं ते. सांगताना मी खाली दगडांच्या राशीकडे बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं.

"मला ठावं हाय," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"पानी पडल्याली गोवरी काळी ऱ्हाते, गोळा व्हऊन. ती पांढरी झाली व्हती. अख्खी, हाय तशी, पांढरी. हात लावला आन् भुगा झाला. आग इझल्यावर दुसऱ्या दिवशी म्या आलो व्हतो." ते थांबले. "त्या दिशी तुमी पुढं व्हता. सर गावात सांगत व्हते, आज आमची सुमेधा पुढं व्हती म्हनून. पेढं वाटले त्यांनी."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"ते दगड म्याच रचले," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटत होतं की ते दगड वरून ढासळले आहेत. शास्त्र शिकलेल्या बाईने ती रास सकाळी तीन वेळा ओलांडली होती.

त्यांनी मला सांगितलं ते असं. चढणाऱ्यांच्या हातून आग लागली असं एकदा कागदावर आलं, की खातं कडा चढणाऱ्यांना कायमचा बंद करणार. साहेब हे गावात बोलून गेले होते. मग गावात कोण येणार, आणि कशाला. आईचं नाव निघालं असतं ते वेगळंच. म्हणून त्यांनी दगड रचले, घरी गेले आणि गप्प बसले. आपलंच नाव पुढे येईल हे तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आलं तेव्हा उशीर झाला होता. दगड काढून दाखवले असते तर लपवले का म्हणून त्यांनाच धरलं असतं.

"आज तुम्ही सही करणार होता," मी म्हणाले.

"करनारच हाय."

"का? तुमचा काय संबंध?"

"साहेबाला एक कागद पायजे. माझा न्हाईतर तुमचा. तुमचा खरा दिला तर कडा जातो. माझा खोटा दिला तर एकटा मी जातो."

ऊन आता समोरून डोळ्यांत येत होतं. खाली जळलेल्या उतारावर पायवाट खडूच्या रेघेसारखी दिसत होती. मी विचार करत होते की या पट्टीवरून उतरायचे किती मार्ग आहेत, आणि मला एकही सापडत नव्हता.

"मी माझं नाव लिहीन," मी म्हणाले.

"लिवा. तुमी मोकळ्या व्हाल. मग आमी काय खायाचं तेबी त्यातच लिवा."

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. हिशेब समजावून सांगावा तसं म्हटलं. थोड्या वेळाने तेच पुढे म्हणाले, "ठावं न्हाई असं लिवता येत न्हाई का? शिकल्याल्या मान्सांना समदंच ठावं आसतं का?"

"ते खोटं होईल."

"मग माझं नाव लिवा. तेबी खोटंच हाय."

मी तोपर्यंत एकही खोटी नोंद केली नव्हती. पदवीच्या प्रयोगशाळेत माझं उत्तर चुकलं तर मी चुकलेलंच लिहायची आणि मार्क घालवायची. माझ्या मैत्रिणी मला त्यावरून चिडवत. आता माझ्या मांडीवर वही होती, तीत एकोणीस रेषा होत्या, आणि त्या रेषा बरोबर होत्या.

चारला दहा मिनिटं असताना जीप दिसली. ती पायवाटेच्या टोकाशी थांबली आणि तिच्यातून दोन माणसं उतरली. पंचवीस मिनिटांनी ती पायथ्याशी आली. सरांनी हातांचा कर्णा करून काय झालं ते विचारलं, आणि नवसूभाऊंनी ओरडून सांगितलं. दुसरा दोर पायथ्याच्या पिशवीत होता. सर तो खांद्यावर टाकून घळीच्या वाटेने माथ्याकडे निघाले. साठीच्या माणसाला ती चढण दीड तासाची होती. साहेब खालीच थांबले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बसायला जागा शोधली. ते दगडांच्या राशीवर बसले. मांडीवर फाइल होती.

नवसूभाऊ हसले. "बगा," ते म्हणाले, "जागा बी कंची गावली."

दीड तास आम्ही साहेबांच्या टोपीकडे बघत बसलो. पाणी संपलं होतं. मधे एकदा मी विचारलं की पाणी घालायची रीत कुणी घातली असेल. आजा सांगायचा, ते म्हणाले, की आईला तहान लागती. आन् आज्याला त्याचा आजा. मी त्यांना विचारलं, तुम्हाला खरंच वाटतं की तिला तहान लागते?

"तुमाला वाटत नसलं तरी वतायचं आसतं," ते म्हणाले.

सरांचा दोर पावणेसहाला आला. त्यांनी वरून कपचीपासून चार हात बाजूला सोडला होता. आधी मी उतरले, मग नवसूभाऊ. साहेबांनी मला त्यांच्या बाटलीतलं पाणी दिलं. भला माणूस होता. मी प्यायले. त्यांनी फाइल उघडली, टाइप केलेला कागद वर काढला, नवसूभाऊंच्या हातात पेन दिलं आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं.

"वाचून दाखवू का?" त्यांनी विचारलं.

"नगं," नवसूभाऊ म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा," मी म्हणाले. "माझा अहवाल तयार आहे."

साहेब माझ्याकडे वळले. नवसूभाऊ वळले नाहीत. ते कागदाकडेच बघत राहिले.

"आग ओढ्याकडून आलेली नाही," मी म्हणाले. "बावीस झाडांच्या खुणा आहेत. ते मी लिहून देते."

"बरं. मग कुठून आली?"

माझी वही माझ्या पिशवीत होती. साहेबांचा उजवा बूट राशीतल्या एका दगडावर टेकलेला होता.

"उगम निश्चित करता येत नाही," मी म्हणाले.

नवसूभाऊंनी टोपण पेनाला लावलं आणि पेन साहेबांना परत दिलं.

साहेब काही वेळ फाइलवर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले की ठीक आहे, तज्ज्ञांचं मत म्हणून हे चालेल, पण कारण माहीत नाही आणि कडा उघडला, असं वर कसं पाठवू? काहीतरी अट घाला, पुन्हा होऊ नये म्हणून. मी म्हणाले, घालते. मला ते योग्यच वाटलं. खरं तर बरं वाटलं. जे सांगता येत नव्हतं त्याच्या जवळपास तरी मला पोचता येणार होतं. त्याच आठवड्यात मी अहवाल दिला. सात पानं कातळाबद्दल होती, एक पान आगीबद्दल, आणि शेवटी तीन शिफारसी. सुट्या कपच्या पाडून घ्याव्यात. जुन्या कड्यांपैकी नऊ बदलाव्यात. कड्याच्या पायथ्याशी गोवरी, धूप, कापूर, उदबत्ती अथवा कोणत्याही प्रकारचा अग्नी पेटवण्यास सक्त मनाई करावी.

कपच्या पाडायला आणि कड्या बदलायला वेळ लागला. कडा पाऊस संपल्यावर, नोव्हेंबरात उघडला. पहिल्या रविवारी चाळीसएक माणसं आली होती. तुकारामच्या अंगणात दोन पंगती उठल्या. पायथ्याशी खात्याने पत्र्याची पाटी लावली होती आणि तिच्यावर माझी तिसरी शिफारस होती, शब्द न शब्द. रिसबूड सर पाटीसमोर उभं राहून म्हणाले, "हे बरं केलंस, सुमेधा. आज ना उद्या त्यानेच आग लागली असती."

ते पुढे नऊ वर्षं जगले आणि मी त्यांना सांगितलं नाही.

नवसूभाऊ राशीजवळ उभे होते. मोहोळं परत आली होती. छपराखाली मी चार मोजली. मी त्यांच्याकडे गेले. परवाना कायम राहिला होता, मुलीचं लग्न ठरलं होतं, हे मला सरांकडून कळलं होतं. मला वाटलं होतं की ते मला काहीतरी म्हणतील. ते म्हणालेही.

"पोरीनं पाटी वाचून दाखवली," ते म्हणाले. "गावात आता म्हनत्यात, आईच्या धुपानंच रान जाळलं. म्हातारी मान्सं यायची बंद झाली हितं." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "मला सोडवलंत, ताई. आळ आईवर घातलात."

मी म्हणाले की असं माझ्या मनात नव्हतं.

"न्हाईच की," ते म्हणाले, आणि वाकून बाटलीचं बूच काढू लागले.

मी त्यानंतर पुढे चढले नाही. कड्यावर मात्र वर्षातून एकदा जाते, कड्या तपासायला. मागच्या हिवाळ्यात गेले तेव्हा पुण्याची काही मुलं चढून खाली आली होती. त्यांच्यातली एक मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा पुढे चढली होती. तिच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं. वाटाड्या म्हणून नवसूभाऊंचा जावई होता. त्याने तिला दगडांच्या राशीपाशी नेलं आणि सांगितलं की इथे आई आहे. गोवरी नाही, ऊद नाही. ते काय असतं हे त्या मुलीला ठाऊकही नव्हतं. तिने आपली बाटली हलवून पाहिली. अर्धी होती.

"सगळं ओतायचं?" तिने विचारलं.

"समदं," तो म्हणाला.

तिने ओतलं. माझ्या त्या दिवशीच्या पूजेतलं जेवढं मी गाळलं होतं, तेवढंच आता तिथे उरलं आहे. पाणी दगडांच्या फटींतून आत गेलं आणि त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.